फाट्याला थांबायचं

पाऊस उघडला की दिवाळीच्या आधी एकदा गाड्या काढायच्या हे आमचं गेली सहा-सात वर्षं ठरलेलं आहे. हायवेनं नाही. मुंबई-आग्रा रोडला कंटेनरच्या मधून गाडी हाकत जाण्यात मला तरी मजा येत नाही आणि नाशिककराला त्याची गरजही नाही, पश्चिमेला नाहीतर उत्तरेला तासभर गेलं की घाट सुरू होतात, आणि मेन रोड सोडून एखादा फाटा आत घेतला की दहा-दहा मिनिटं समोरून कोणी येत नाही असे रस्ते लागतात. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, मधून डांबराची एकेरी पट्टी. मला त्या रस्त्यांचं वेड आहे.

यंदा २०२५ ला कोजागिरी सोमवारी होती, त्याच आठवड्यात गुरुवारी सकाळी निघून रविवारी परत असं ठरलं, दुसरा शनिवार धरून. रूट मी काढला होता. नाशिक, गिरणारे, हरसूल, पेठ, बाऱ्हे, सुरगाणा, हातगड, मग कनाशी-डांगसौंदाण्यावरून साल्हेर, मुल्हेर, आणि येताना ताहाराबाद, सटाणा, कळवण, वणी, दिंडोरी. चारशे किलोमीटरच्या आसपास. हायवेवर हे एका दिवसाचं काम आहे पण या रस्त्यांवर दिवसाला शंभर-सव्वाशे झाले तरी अंग बोलतं.

आम्ही चौघं. मी बुलेटवर, साडेतीनशेची. बारक्या माझ्याच कंपनीत आहे सातपूरला, सव्वीस वर्षांचा, त्याच्याकडं नवीन हिमालयन. मास्तर पल्सरवर, हे जिल्हा परिषद शाळेत शिक्षक, आता शहराजवळ बदली झाली पण आधी बरीच वर्षं सुरगाणा तालुक्यातल्या पाड्यांवर होते. आणि दाजी, माझ्या मोठ्या बहिणीचे मिस्टर, वय शेहेचाळीस, पहिल्यांदाच आमच्यासोबत, आणि गाडी त्यांची रोजची, अंबडला कामावर जातात ती शंभर सीसीची. मी म्हणलं होतं दाजी दुसरी गाडी बघू कोणाची तरी, तर म्हणले या गाडीनं पोरांना शाळेत सोडलंय, हिला मी ओळखतो, हीच नेणार.

निघायच्या आदल्या रात्री ताईकडं जेवायला होतो. ताईनं वाढता वाढता एवढंच सांगितलं, "यांना मागं टाकून जाऊ नको रे, तुझी गाडी मोठी आहे." मी हो म्हणलो, खरंच मनापासून म्हणलो.

तयारीबद्दल थोडं लिहितो कारण पुढं जे झालं ते त्याच्याशीच जोडलेलं आहे. बुधवारी चारही गाड्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं लावल्या. चेन साफ करून ऑईल, ब्रेक लायनर, डिस्कपॅड, टायर बघितले, लाईट, हॉर्न. घाटात हॉर्न हा लाईटइतकाच महत्त्वाचा, आंधळ्या वळणावर वाजवलाच पाहिजे. मिस्त्री म्हणला चौघांच्या क्लच वायरी वेगवेगळ्या, एकीची दुसरीला बसत नाही, तेव्हा प्रत्येकाची एक एक जास्तीची घ्या, डोंगरात दुसरं काही मिळेल पण ती मिळणार नाही. घेतल्या. चार क्लच वायरी, दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, प्लग, पकड, पान्यांचा सेट, एमसील, इन्सुलेशन टेप. सगळं एका पिशवीत भरलं आणि ती पिशवी माझ्या बॅगेत, कारण माझी गाडी मोठी आणि माझ्याकडं जागा. पिशवी पुढं असावी का मागं, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. सगळ्यात पुढं मीच असणार होतो. रूट मी काढला, मोबाईलमध्ये मॅप मी डाउनलोड केला, मग पुढं मीच.

गुरुवारी सकाळी साडेसहाला गंगापूर रोडला भेटलो, मिसळ खाल्ली आणि गिरणाऱ्याच्या रस्त्याला लागलो. धुकं होतं. पहिले दोन तास सुंदर गेले, वाघेरा घाट, मग हरसूल, दोन्हीकडं भात पिवळा पडायला लागलेला, बांधावर सोनकी फुललेली, नागली उतारावर उभी. हरसूलला चहा, पेठला टाक्या फुल केल्या, कारण आतल्या रस्त्याला कधी कुठं पंप लागेल भरवसा नाही, गावात बाटलीत मिळतं पण ते अडचणीला ठीक आहे.

पेठ सोडून बाऱ्ह्याच्या आतल्या रस्त्याला लागलो आणि माझ्या अंगात आलं. खरं तेच लिहितो. रस्ता नुकताच केलेला होता, वळणं एकामागून एक, पुढं कोणी नाही, आणि बुलेटचा तो आवाज डोंगरात घुमतो ना, त्यात माणूस स्वतःला विसरतो. बारक्या माझ्या मागं चिकटून होता, त्याला तर हेच पाहिजे होतं. मास्तर थोडे मागं. दाजींची गाडी चढाला दुसऱ्या गियरवर यायची, ते आरशात कधी दिसायचे कधी नाही. एक फाटा आला, पाटी नाही, एक रस्ता वर आणि एक खाली उतरत गेलेला, दोन्ही सारखेच रुंद. मी क्षणभर गाडी हळू केली, मॅप बघितला, वरचा घेतला. बारक्यानं मला बघितलं. मास्तरांना तर रस्ता पाठच होता. माझ्या मनात आलं थांबावं का, आणि लगेच दुसरा विचार आला की दिसेल त्यांना, येतील. तेवढंच. पाच सेकंदाचा विचार.

बाऱ्ह्याला टपरीवर थांबलो तेव्हा दोन वाजून गेले होते. मी आलो, बारक्या आला, पाच मिनिटांनी मास्तर आले. चहा सांगितला चार. चौथा कप तसाच राहिला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मोबाईलला रेंज नाही, माझ्याच नाही, तिघांच्याही नाही. मास्तरांनी विचारलं फाट्याला तू थांबलेला का? मी म्हणलं नाही, मला वाटलं तुम्ही आहात मागं. मास्तर म्हणले मला वाटलं ते आरशात दिसतायत, ती दुसरीच गाडी होती, पाड्यावर वळली. त्यानंतर मास्तर बोलले नाहीत, चहाचे पैसे दिले आणि हेल्मेट घातलं.

मास्तरांनी एक शहाणपणाची गोष्ट केली, बारक्याला तिथंच बसवलं. म्हणले आपण तिघंही गेलो आणि दाजी दुसऱ्या रस्त्यानं इथं आले तर इथं कोणी पाहिजे, नाहीतर रात्रभर एकमेकांना शोधत बसू. बारक्याला यायचं होतं, तोंड उतरलं त्याचं, पण बसला. आम्ही दोघं मागं फिरलो.

त्याच रस्त्यानं परत जाताना तो रस्ता मला ओळखू येईना. सकाळी दिसलं नव्हतं ते सगळं दिसायला लागलं. वळणावर खडी पसरलेली, मोरीचा कठडा तुटलेला, एका जागी साईडपट्टी खचून थेट दरी. प्रत्येक ठिकाणी मी गाडी थांबवून खाली बघायचो. झाडीत काही चमकलं की पोटात गोळा यायचा. ताईचा चेहरा डोळ्यासमोरून हलत नव्हता. मी देवधर्म फार करणारा माणूस नाही पण त्या पंधरा किलोमीटरमध्ये सप्तशृंगीला काय काय बोललो ते माझं मला माहीत.

फाट्यापाशी गवताचा भारा घेतलेल्या दोन बाया आणि एक म्हातारी बसल्या होत्या. मास्तर त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलले, कोकणी म्हणतात तिकडं, कोकणातली नाही, इथल्या कोकणा लोकांची. म्हातारीनं हात करून खालचा रस्ता दाखवला. एक फटफटी गेली म्हणे, जोरात गेली. मी मास्तरांना म्हणलं जोरात म्हणाली म्हणजे दाजी नसतील, ते कधी जोरात चालवत नाहीत. मास्तर म्हणले चल.

तो रस्ता खाली नदीच्या खोऱ्यात उतरतो. डांबर अर्ध्यात संपलं, पुढं मुरूम आणि दगड. पहिल्यावर गाडी टाकून इंजिनावर उतरवत नेली, असल्या उताराला क्लच दाबून गाडी सोडली की संपलं, ब्रेक तापतात आणि गाडी हातात राहत नाही. एका वळणावर मुरमात लांबलचक घसरल्याची खूण होती, मागच्या चाकाची, अगदी कडेपर्यंत गेलेली आणि मग परत रस्त्यावर आलेली. आम्ही दोघंही ती बघत उभे राहिलो. एकमेकांशी बोललो नाही.

तिथून पुढं दोन-तीन किलोमीटरवर एक पाडा लागला, आठ-दहा घरं, कुडाच्या भिंती, आणि पहिल्याच घराच्या ओट्यावर दाजी. हेल्मेट बाजूला, हातात पाण्याचा तांब्या. गाडी अंगणात उभी.

मी गाडी स्टँडला लावली का नुसती टाकली ते आठवत नाही. दाजी उठून उभे राहिले आणि पहिलं वाक्य काय बोलले असतील, "अरे तुम्ही मागून कसे आले?"

क्लच वायर तुटली होती. लिव्हरपाशी तार उसवत आलेली असते, बाहेरून दिसत नाही, एक दिवस जाते. आदल्या दिवशी आमच्याकडून बघायची राहिली होती. त्या माणसानं दोन किलोमीटर गाडी ढकलत पाड्यापर्यंत आणलेली, उन्हात. आणि क्लच वायर, त्यांच्या गाडीची, नवीकोरी, पाकिटात, माझ्या बॅगेत होती. पुढं. दुसऱ्या रस्त्यावर.

पण मला जे लागलं ते वेगळंच. मी विचारलं दाजी ती वळणावरची खूण तुमची का? हो म्हणले, थोडी सरकली गाडी. मी म्हणलं पण तुम्ही तर हळू चालवता. तेव्हा ते म्हणले, "तुम्ही दिसेना म्हणून मी जोरात घेतली ना भो. मला वाटलं तुम्ही पुढं आहात, मी गाठतो."

मी पुढं नव्हतोच. मी दुसऱ्या डोंगरावर होतो. आणि हा माणूस जो आयुष्यात कधी पन्नासच्या वर गेला नाही तो मुरमाच्या उतारावर माझ्यामागं जोरात पळत होता. इतकी वर्षं मी समजत होतो की मागं राहिलेला माणूस हळू येतो आणि पुढच्यानं थोडं थांबलं की काम झालं. तसं नसतं. मागं राहिलेला माणूस घाई करतो. त्याला रस्ता माहीत नसतो, गाडी कमी ताकदीची असते, आणि आपल्यामुळं सगळे खोळंबलेत ही लाज असते, म्हणून तो त्याला झेपत नाही तेवढं पळवतो. पुढचा जेवढा दिसेनासा तेवढा मागचा धोक्यात.

वायर बदलायला वीस मिनिटं लागली. नवी वायर जुनीच्याच वाटेनं ओढून घ्यायची, वर लिव्हरला अडकवायची, खाली इंजिनापाशी बसवून नटानं थोडा ढिलेपणा ठेवायचा, एकदम ताठ केली की क्लच घसरतो. मास्तरांनी टेप मागितली. नंतर उरलेल्या जास्तीच्या वायरी जुन्या वायरीच्या सोबतच टेप लावून गाडीवरच बांधून ठेवल्या, बाकी तिन्ही गाड्यांना, म्हणजे ज्याची त्याच्याजवळ. हे तर आधीच करता आलं असतं.

त्या घरच्या बाईनं आम्हाला जाऊ दिलं नाही. नागलीची भाकर, उडदाची डाळ आणि ठेचा. पैसे घेतले नाहीत, मास्तरांनी पोरांच्या हातात काहीतरी ठेवलं. तिच्या नवऱ्याशी बोलताना कळलं दिवाळीनंतर ते दोघं पोरांना म्हातारीजवळ ठेवून द्राक्षाच्या कामाला पिंपळगावकडं येतात, दरवर्षी. इथं एवढा पाऊस पडतो पण सगळं पाणी पश्चिमेला वाहून जातं, मार्चपासून बाया पाण्याला डोंगर उतरतात. मास्तर म्हणले २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला शेतकऱ्यांचा लाँग मार्च गेला ना, त्यात या तालुक्यातली किती माणसं होती बघ, पायात चप्पल नाही आणि चालले होते. तो मोर्चा मी नाशिकमध्ये रस्त्याच्या कडेला उभा राहून बघितलेला. ती माणसं राहतात कुठं हे सात वर्षांनी बघत होतो.

बाऱ्ह्याला पोचलो तेव्हा अंधार पडायला आलेला. बारक्या टपरीबाहेर रस्त्याच्या मधोमध उभा होता, चार तास. तीन हेडलाईट मोजल्या त्यानं आणि तिथंच खाली बसला. हातगड रद्द केलं. रात्री घाटात गाडी चालवायची नाही हा आमचा जुना नियम आहे, गुरं रस्त्यावर बसलेली असतात आणि समोरच्याच्या अप्पर लाईटमध्ये कड दिसत नाही. पण त्या रात्री सुरगाण्यापर्यंत जावंच लागलं, वीस-पंचवीसच्या स्पीडनं, एकमेकांच्या टेललाईटकडं बघत. मास्तरांच्या जुन्या सहकाऱ्यांकडं पथाऱ्या टाकल्या. तिथं रेंज आली. दाजींनी ताईला फोन केला, पोचलो, जेवलो, मजा आली. वायरीचं, रस्ता चुकल्याचं काही नाही सांगितलं. मी बाजूलाच बसलो होतो.

झोपायच्या आधी मास्तरांनी सगळ्यांना बसवून नियम केले, शाळेत करतात तसे. प्रत्येकानं आपल्या मागच्याची जबाबदारी घ्यायची, पुढच्याची नाही. आरशात मागचा दिसला नाही की हळू व्हायचं, तरी नाही दिसला की थांबायचं, मग पुढचाही आपोआप थांबतो कारण त्याला आपण दिसत नाही. फाटा आला, कितीही छोटा असो, पुढच्यानं थांबायचं आणि मागच्यानं हात वर केल्याशिवाय हलायचं नाही. सामानाची पिशवी सगळ्यात शेवटच्याकडं. आणि सगळ्यात पुढं दाजी.

बारक्या म्हणला दाजी पुढं? मग तर आपण चाळीसनं जाऊ. मास्तर म्हणले हो, चाळीसनं जाऊ.

मला रात्री झोप आली नाही. पण मला तो नियम पटला आणि सकाळी पिशवी मी स्वतः काढून मास्तरांच्या गाडीला बांधली. ते शेवटी, मी त्यांच्या पुढं.

शुक्रवारचा दिवस मी आयुष्यभर विसरणार नाही. बोरगाव, हातगड, कनाशी. बुलेट पस्तीस-चाळीसनं चढाला नेणं सोपं नाही, दुसऱ्यावर गरम होते, पायाला धग लागते, आणि पहिला अर्धा तास हात नुसता शिवशिवत होता. मग हळूहळू तो गेला. चाळीसच्या स्पीडला वास येतात. भात पिकल्याचा वास, कोणी गवत कापलंय त्याचा, चुलीचा. बोरगावच्या पुढं उतारावर स्ट्रॉबेरीची लावण नुकतीच झालेली, प्लास्टिकच्या चकचकीत पट्ट्या आणि त्यातून तळहाताएवढी रोपं, थंडीत हेच सापुताऱ्याच्या रस्त्याला टोपल्यात विकायला बसतात. एका पाड्याच्या वेशीवर शेंदूर लावलेला वाघदेव होता, लाकडाचा, मास्तरांनी थांबवून दाखवला, आठ दिवसांनी वाघबारस, तेव्हा पुजतात. मी या रस्त्यानं याआधी दोनदा गेलोय, वाघदेव दिसला नव्हता. केमचा डोंगर दाखवला, त्याच्या अंगाखांद्यावर गिरणा उगवते आणि पूर्वेला खानदेशात जाते, आणि त्याच भागातलं नार-पार नद्यांचं पाणी उलटं गुजरातला. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस.

आणि दाजी. दाजी गाडी फार चांगली चालवतात हे मला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं, कारण मी कधी त्यांच्या मागं राहिलोच नव्हतो. वळणाच्या आधीच गियर उतरवतात, वळणात ब्रेकला हात लावत नाहीत, प्रत्येक आंधळ्या वळणाला हॉर्न, चढणाऱ्या गाडीला दरवेळी जागा देतात, घाटात चढणाऱ्याचा हक्क पहिला हा नियमच आहे पण पाळतं कोण. फाटा आला की डावा हात वर, गाडी कडेला, मान वळवून मोजायचे, एक दोन तीन. दिवसभरात असे तीसेक फाटे झाले असतील. एकदाही चुकले नाहीत.

डांगसौंदाण्याच्या अलीकडं मक्याचं संकट. आमच्याकडं ऑक्टोबरात मका रस्त्यावर वाळत घालतात, अर्धा रस्ता पिवळा, कडेला दगड लावलेले. शेतकऱ्याला जागा नाही, पाऊस कधी येईल सांगता येत नाही, त्याचंही बरोबर. पण दाण्यावर चाक गेलं की गाडी बर्फावर गेल्यासारखी जाते. दाजी पार थांबले, पाय खाली टेकवत काढली. आदल्या दिवसासारखा मी पुढं असतो तर पन्नासनं त्यात गेलो असतो, याबद्दल मला शंका नाही. नंतर बारक्याचं मागचं चाक पंक्चर झालं, खिळा, पण मागं पिशवी होती, पाऊण तासात पुढं.

संध्याकाळी साल्हेर समोर आला. आपल्या राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, १५६७ मीटर, कळसूबाईनंतर दुसरं उंच शिखर. जवळ जाल तसा तो मोठा होत नाही, तो एकदम अंगावर येतो. गावात एका घरी राहिलो. यंदा जुलैमध्ये युनेस्कोनं जे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून घेतले त्यात साल्हेर आहे, गावातली पोरं त्याबद्दल फार अभिमानानं बोलत होती, आणि त्यांनी अभिमान बाळगावा असाच तो आहे.

शनिवारी गाड्या सोडून पायी वर गेलो. तीन तास लागले आम्हाला, दाजी मध्ये मध्ये बसत होते आणि आम्हीही बसत होतो. पठारावर गंगासागर तलाव, गुहा, आणि शिखरावर परशुरामाचं छोटं मंदिर. इथून परशुरामानं बाण मारून समुद्र मागं हटवला आणि कोकण झालं अशी गोष्ट सांगतात. ढग पायाखाली होते, मध्येच फाटले की शेजारचा सालोटा आणि लांब मांगी-तुंगीचे दोन सुळके. वर फक्त वारा.

मास्तरांनी तिथं बसून १६७२ ची लढाई सांगितली. मुघलांचा साल्हेरला वेढा, महाराजांनी दोघांना दोन बाजूनं पाठवलं, मोरोपंत पिंगळे कोकणातून आणि प्रतापराव गुजर वरघाटानं, म्हणजे घाटमाथ्यावरून, आणि दोघं इथं येऊन मिळाले, उघड्या मैदानात मोठी मुघल फौज मोडली. सूर्याजी काकडे इथंच पडले. आम्ही ऐकत होतो. दाजी खाली पायथ्याच्या माळाकडं बघत होते, मग म्हणले, "दोन वाटांनी आले, फोन नाही काही नाही, तरी चुकले नाहीत एकमेकांना." माझ्या घशात आलं. मी तिथं त्यांना म्हणलो दाजी परवाचं माझं चुकलं, मी थांबायला पाहिजे होतं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, म्हणले उतरू चला, ऊन वाढतंय.

रात्र मुल्हेरला काढली. तिथं कोजागिरीला रासक्रीडेचा उत्सव असतो, रात्रभर पदं म्हणतात, आमचा तो पाच दिवसांनी हुकला, उद्धव महाराजांच्या समाधीचं दर्शन तेवढं झालं. पुढच्या वर्षी कोजागिरीच धरून यायचं ठरलंय.

रविवारी ताहाराबाद, सटाणा, तिथं शेवभाजी, मग कळवण. नांदुरीला सप्तशृंगी गडावर जाणाऱ्यांची गर्दी होती म्हणून वर गेलो नाही, खालूनच हात जोडले, मी जरा जास्त वेळ. वणीच्या पुढं रस्ता मोठा झाला, दिंडोरीच्या बाजूला द्राक्षाची छाटणी चाललेली, उघड्या वेली आणि वेलींच्या डोळ्यांवर, म्हणजे कोंब फुटतात तिथं, पेस्ट लावणारी माणसं ओळीनं. त्या पाड्यावरची माणसं पुढच्या महिन्यात इकडंच कुठंतरी असतील. या रस्त्याला सगळे सुसाट जात होते, दोनदा मागून हॉर्न मारून शिव्या दिल्या आम्हाला, पण दाजी डाव्या बाजूनं चाळीस-पंचेचाळीसनं, मागं आम्ही तिघं, म्हसरूळपर्यंत. तिथं बारक्या आणि मास्तर वळले, हात वर करून.

मी दाजींसोबत इंदिरानगरला गेलो. ताईनं दार उघडलं, आधी दोघांकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. बूट काढता काढताच मी सांगून टाकलं, सगळं, फाटा, ती घसरल्याची खूण, माझ्या बॅगेतली वायर. दाजी मला गप्प बस म्हणून खुणावत होते. ताई काही बोलली नाही, आत गेली, पाणी घेऊन आली. माझा ग्लास रिकामा होईपर्यंत समोर उभी राहिली.

मग म्हणाली, "पुढच्या वेळी मी येते. यांच्या मागं बसेन."

दाजी म्हणले, "अगं मग गाडी चढाला तीसच्या वर जायची नाही."

मी म्हणलं चालंल.